प्रत्येक दुखणं म्हणजे वधस्तंभ का? (आत्याचे गुडघे आणि बायबलमधला रोमकरांस ८ हा अध्याय)

नगरी_मिसळ:
जय ख्रिस्त मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

आमची आत्या, सत्तरीला टेकलीय, दोन्ही गुडघे गेलेत. चर्चच्या पायऱ्या चढायला दोन्हीकडून धरावं लागतं, रात्री कूस बदलताना कण्हते ते पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. डॉक्टर सांगून थकले की वाट्या बदलून घ्या. आत्याचं एकच, 'प्रभूने दिलेला वधस्तंभ आहे, मी उचलणार.' महिला संगतीत तर तिचं कौतुकच, बघा किती सोसते, तोंडातून ब्र नाही काढत. आणि गंमत म्हणजे मध्यंतरी बाहेरगावचे एक प्रचारक आले होते, त्यांनी स्टेजवरून ठणकावून सांगितलं की जो पवित्र आत्म्याने चालतो त्याच्या अंगाला रोग चिकटतच नाही, चिकटला तर विश्वासात खोट आहे. म्हणजे एकाच बाईला इकडचे म्हणतात तू संतीण आणि तिकडचे म्हणतात तुझा विश्वास कच्चा. घरी येऊन रडली राव.

लेंट (ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस) चालू आहे म्हणून डोक्यात जास्तच फिरतंय. आत्मत्याग करा, वधस्तंभ उचला, आत्म्याने चाला, हे संडे स्कूलपासून ऐकतोय, पण गुडघ्याला लावायला गेलो की काहीच बसत नाही. शास्त्र वाचणाऱ्यांनी सांगा. वाद नको, माहिती हवी. (वाद होणारच, माहितीय.)

तिरकस_बाण:
देवच दुखणं देणार, देवच ते उचलायला लावणार आणि वर उचललं म्हणून शाबासकी पण तोच देणार. भारी सिस्टीम आहे. ऑपरेशन करा, विषय संपला.

वसईकरीण:
बाण, थांब जरा, बाईला दुखतंय हे तरी मान्य कर आधी मग टोमणे मार.

मिसळ, मी कॅथलिक, आमच्याकडे क्रूस म्हणतात आणि लेंटला उपवासकाळ. आमच्यात दुखणं 'देवाला अर्पण करणं' हे फार खोल रुजलेलं आहे, माझी आजी दातदुखी सुद्धा कुणाच्या तरी नावाने अर्पण करायची. यावर हसू नका. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली फक्त दुःखाच्या अर्थावर एक अख्खं पत्र लिहिलं, १९८१ मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला होता त्यानंतर तीन वर्षांनी. त्यात क्रुसाशी जोडून घेतलेलं दुःख वाया जात नाही हे आहेच, पण शेवटाकडे चांगल्या शोमरोनीची गोष्ट पण आहे, म्हणजे रस्त्यात पडलेल्याला बघून थांबायचं, तेल लावायचं, पट्टी बांधायची, खानावळीचं बिल भरायचं. अर्पण पण करा आणि मलमपट्टी पण करा, दोन्ही एकाच पत्रात.

आणि उपासाचं म्हणाल तर चर्चचा नियमच मुळात सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस उपासाचे, एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, ते पण वय १८ ते ५९. त्यापुढच्यांना, आजाऱ्यांना सूट. तुमची आत्या आमच्यात असती तर तिला उपाससुद्धा सक्तीचा नव्हता, गुडघे तर लांबच राहिले.

पण एक सांगते. तिच्या दुखण्याला तिने जो अर्थ लावलाय तो एकदम हिसकावून घेऊ नका. चाळीस वर्षं त्याच अर्थाच्या आधारावर उभं राहिलेलं माणूस कोसळतं.

पाळकाचा_नातू:
चांगला धागा. थोडं लांब लिहितो.

लूकच्या शुभवर्तमानात, ९ व्या अध्यायात, येशू म्हणतो की माझ्यामागे यायचं तर स्वतःला नाकारा, दररोज आपला वधस्तंभ उचला आणि मागे या. 'दररोज' हे फक्त लूककडे आहे, मत्तय मार्कमध्ये नाही. आता हे कुणाला ऐकू जात होतं बघा. रोमन लोक ज्याला सुळी द्यायचे त्याला बहुतेक वेळा आडवं लाकूड स्वतःच वाहून न्यावं लागायचं, गावादेखत. ऐकणाऱ्यांना ते चित्र नवीन नव्हतं. म्हणजे वधस्तंभ हे आजारपणाचं चित्रच नाही, ते कुणाच्या तरी मागे गेल्यामुळे आणि तशी निवड केल्यामुळे ओढवणाऱ्या गोष्टीचं चित्र आहे. जे खाली ठेवून पळून जाता आलं असतं आणि तरी ठेवलं नाही, ते. गुडघ्यातली कूर्चा झिजली यात आत्याने काय निवडलं?

दुखणं आलं की प्रेषित पौल काय करतो ते बघा. शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवतो, एकदा नाही तीनदा, आणि कृपा पुरे आहे असं उत्तर मिळाल्यावर मग थांबतो. आधी मागणं, मग सोसणं, असा तो क्रम आहे. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं पोट बिघडतं तर त्याला सांगतो नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घे. तुझा वधस्तंभ आहे बाळ, असं नाही सांगितलं. त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढे जातो, एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत येतो आणि पौल कबूल करतो की नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. आता त्या प्रचारकाच्या हिशोबाने पौलाच्या टीममधल्या निम्म्यांचा विश्वास कच्चाच म्हणायचा.

आणि पौल मार खायला कधी हपापलेला नव्हता. प्रेषितांच्या कृत्यांत २२ व्या अध्यायात चाबकाचे फटके मारायला त्याला बांधतात तेव्हा तो शांतपणे विचारतो, रोमी नागरिकाला चौकशीविना फटके मारणं कायद्यात बसतं का? सुटला. दिमिष्कातून तर टोपलीत बसून भिंतीवरून खाली उतरला होता. खुद्द प्रभूवर मंदिरात दगड उचलले तेव्हा तो निघून गेला, 'वेळ' आली तेव्हाच थांबला, आणि त्या आदल्या रात्रीसुद्धा गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केलीच की. टाळता येणारं दुःख टाळणं हे पाप असतं तर ती प्रार्थनाच चुकीची ठरते.

नगरी_मिसळ:
टोपलीचं आत्याला सांगतो आज. तिला पौल फार आवडतो.

माळकरी_पुणे:
नमस्कार, मी तुमच्यातला नाही, वारकरी घरातला आहे, पण विषय आवडला म्हणून आत आलो. आमच्याकडेपण देह कष्टवणाऱ्यांना संतांनी फार काही मोठं मानलेलं नाही, तुकोबांनी तर सोंगं करणाऱ्यांची चांगलीच सालटी काढलीयत. प्रश्न असा की ख्रिस्ती धर्मात मग चाबकाने अंग फोडून घेणारे, काटेरी पट्टे बांधणारे हे कुठून आले? फोटोत बघितलेत.

वसईकरीण:
या या, धागा सगळ्यांचा आहे. आलेत हे खरं आहे, इतिहासात भरपूर आलेत, नाकारून काय करणार. पण त्यातल्याच एकाची गोष्ट सांगते. असिसीचा संत फ्रान्सिस, वारला १२२६ साली, शरीराला 'गाढव भाऊ' म्हणायचा आणि तसंच राबवायचा, उपास, थंडी, जमिनीवर झोपणं. शेवटी आजारांनी खिळखिळा झाला, डोळे गेले, तेव्हा त्याने आपल्या शरीराची माफी मागितली असं त्याच्या जुन्या चरित्रात आहे. मला तो त्यामुळे जास्त आवडतो.

पाळकाचा_नातू:
माळकरी, कलस्सैकरांच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, याला सरळ उत्तर आहे. शिवू नको, चाखू नको असे नियम आणि देहाला दिलेला त्रास, हे वरून मोठं शहाणपणाचं दिसतं पण देहाची हाव आवरायला त्याचा काडीचा उपयोग नाही, असा त्याचा भावार्थ. उलट मी किती उपास केले हा अभिमान वाढतो तो वेगळाच.

तुकोबांवरून आठवलं, आमचे रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायापाशी आलो. तेव्हा तुम्ही परके नाही हो.

ओसरी:
मी बहुतेक वाचतेच फक्त. पण इथे एक लिहायलाच हवं.

गुडघे ही सोपी केस आहे. माझ्या माहितीतल्या एका बाईला नवरा मारायचा. ती मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे गेली तर तिला सांगितलं की हा तुझा वधस्तंभ आहे, तू सोसलंस तर तुझ्या सौम्यतेने तो वळेल. पेत्राचं पत्र उघडून वाचून दाखवलं. ती परत गेली. पुढचं लिहीत नाही, जिवंत आहे एवढंच. तर 'दुःखाला अर्थ असतो' असं इथे जे छान छान चाललंय ना, ते कोण कुणाला सांगतंय यावर सगळं अवलंबून आहे. स्वतःच्या दुखण्याला स्वतः अर्थ लावणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दुखण्याला आपण खुर्चीत बसून अर्थ लावून देणं वेगळं. बायबलमधला ईयोब सगळं गमावून बसला तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्यापाशी गप्प बसले होते तोवर ठीक होते, तोंड उघडलं आणि घाण केली.

विहिरीचा_काठ:
ताई तुमचं दुःख समजतं पण शास्त्रात आहे ते आहे. १ पेत्र २ मध्ये चाकरांना सांगितलंय की कठोर धन्याच्याही अधीन राहा, अन्यायाने सोसणं देवाला मान्य आहे, ख्रिस्ताने कित्ता घालून दिलाय. हे तुम्ही पुसून टाकणार का? आजकाल सगळ्यांना आत्मत्याग नको, हक्क हवेत.

ओसरी:
पुसत नाही. पण ते पत्र ज्या गुलामांना लिहिलंय त्यांना दाद मागायला दार नव्हतं. पौलाला नागरिकत्व होतं तर त्याने ते वापरलं, वर नातूंनी लिहिलंच आहे. फिलिप्पैत तर फटके मारून झाल्यावर अधिकारी गुपचूप सोडून द्यायला निघाले तेव्हा हा म्हणाला, असं नाही चालणार, स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या. हक्कच मागितला ना? त्या बाईलाही कायदा आहे, २००५ चा घरगुती हिंसाचाराचा. तो वापरला तर अवज्ञा आणि मंडळीच्या जमिनीची केस कोर्टात वीस वर्षं लढवली तर सेवा, हे कसं काय?

आणि त्याच पेत्राने चौथ्या अध्यायात लिहिलंय की खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कुणी दुःख भोगू नये. म्हणजे सगळ्या दुःखाला तो एकाच मापाने मोजत नाहीच.

तिरकस_बाण:
जमिनीच्या केसवर मी उभा राहून टाळ्या वाजवतोय.

केडगाव_पॅसेंजर:
कुणीच पंडिता रमाबाईंचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. मी दौंडकडचा, केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन लहानपणापासून बघतोय.

दुःखावर बोलायचा हक्क मराठी माणसात कुणाला असेल तर त्यांना. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील, बहीण, काही महिन्यांत तिघं गेले, भूक काय असते ते त्यांनी पोटात बघितलं. भावाबरोबर देशभर पायी फिरल्या, १८८० मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. पंचविशीच्या आत सगळं. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. आता अशा बाईने दुःखाचं तत्त्वज्ञान सांगत बसायला हरकत नव्हती.

त्यांनी काय केलं? १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून आणल्या. शेकड्यांनी. पुण्यात जागा पुरेना, त्यात प्लेग, सरकारी अधिकारी शहरात एवढ्या मुली ठेवू देईनात, मग केडगावच्या माळावर, जिथे त्यांनी आधी जमीन घेतली होती, तिथे झोपड्या घातल्या, विहिरी खणल्या. तुमच्या नशिबी वधस्तंभ आहे बाळांनो, असं एकाही मुलीला नाही सांगितलं. विणकाम शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं, अंध मुलींना ब्रेल. आणि प्लेगच्या सरकारी इस्पितळात बायकांना कसं वागवतात त्यावर १८९७ मध्ये वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून सरकारला अंगावर घेतलं.

आत्म्याने चालणं म्हणाल तर १९०५ साली मुक्तीत मोठं संजीवन झालं, मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करायच्या, जगभरचे लोक बघायला येत. त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, मला त्यातलं फार कळत नाही. मला कळतं ते एवढंच की ज्या बायांनी रात्री प्रार्थना केली त्याच दिवसा शेतात, भटारखान्यात, आजारी मुलींच्या उशाशी होत्या. आणि स्वतः बाई? ऐकू येणं कमी झालेलं, मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये गेली, एकुलती एक, तरी मूळ हिब्रू ग्रीकवरून बायबल साध्या बायकांच्या मराठीत आणायचं काम सोडलं नाही, ते पुरं करून १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या.

स्वतःच्या दुःखापुढे त्या वाकल्या असतील, दुसरीच्या दुःखाबाबत कधी नाही.

वसईकरीण:
पॅसेंजर, शेवटची ओळ उचलून नेणार आहे, आमच्या महिला मंडळात.

आणि आत्मत्याग म्हणजे अक्कल गहाण टाकणं असंही बाईंनी कधी मानलं नाही. इंग्लंडात ज्या सिस्टरने त्यांना धर्ममाता म्हणून सांभाळलं तिच्याशीच पत्रांतून कडाकडा वाद घातले, मला पटेल तेच मानीन म्हणून. शाकाहार सुद्धा सोडला नाही.

चुलीपाशी:
सगळे त्याग त्याग म्हणताय म्हणून एक काडी टाकते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, ठीक. १९१७ मध्ये मिशनचं पगारी काम सोडलं, साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, माणूस मोठाच, कवी तर मोठाच. पैसा हातात ठरायचा नाही, ज्याला त्याला देऊन मोकळे. पण संध्याकाळी भांड्यात काय शिजणार याची काळजी कुणाला? लक्ष्मीबाईंना. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं तर त्या नवऱ्यापासून लांबच होत्या, माहेरच्या सासरच्यांच्या आधाराने. त्यांनी आठवणी लिहिल्या म्हणून हे आपल्याला कळतं, आणि त्यांनी ते हसत हसत लिहिलंय म्हणून आपणही हसून सोडून देतो.

मार्क ७ मध्ये येशू कुर्बानवाल्यांना हाणतो ना, देवाला वाहिलं म्हणून आईबापांना द्यायचं टाळणाऱ्यांना. तसं आपल्या त्यागाचं बिल कुणाच्या नावाने फाटतंय ते बघायला हवं. मिसळभाऊ, आत्या सोसतेय ते बरोबर, पण रात्री उठून तिला बाथरूमला कोण नेतं?

नगरी_मिसळ:
वहिनी.

चुलीपाशी:
हं.

पाळकाचा_नातू:
ताई, टिळकांवर जरा कडक झालात, त्या घरात अनाथ पोरांना जागा मिळाली ती दोघांमुळे. पण मुद्दा मान्य.

आता आत्म्याचं राहिलंय ते लिहितो, मूळ प्रश्नात होतं. रोमकरांस ८ लोक निम्मंच वाचतात. 'दंडाज्ञा नाही', 'विशेष विजयी' हे सगळ्यांना पाठ. मधला भाग काय म्हणतो? सगळी सृष्टी कण्हतेय, प्रसूतिवेदनांसारखी. ज्यांना आत्मा मिळालाय ते आपणसुद्धा आतल्या आत कण्हतोय, शरीराच्या सुटकेची वाट बघत. आणि काय मागावं कळत नाही तेव्हा आत्मा स्वतःच शब्दांवाचून कण्हून आपल्यासाठी विनंती करतो. तीन कण्हणी आहेत एकाच अध्यायात. तर आत्म्याने चालणारा कण्हत नाही हे त्या प्रचारकाने कुठून आणलं? आत्याला सांगा, रात्री कण्हतेस त्यात आत्मा तुला सोडून गेला असा अर्थ अजिबात नाही. तोंडातून ब्र काढायला पूर्ण परवानगी आहे, निम्म्या स्तोत्रसंहितेत दावीद दुसरं काय करतोय.

आणि देहाची कर्मं म्हटलं की लोकांच्या डोक्यात दारू आणि बाई. गलतीकरांस ५ मधली यादी मोजून बघा, वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, हेवा, निम्म्याहून जास्त भांडणाच्या गोष्टी आहेत. त्या यादीच्या जरा आधीच तो म्हणतो की एकमेकांना चावाल आणि खाऊन टाकाल तर संपून जाल. म्हणजे ज्या 'देहाला' मारायचं तो गुडघा नव्हे, चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या इलेक्शनला जो बाहेर येतो तो. आत्म्याचं फळ घरच्यांना चाखता आलं पाहिजे, नुसतं संगतीत कौतुक होऊन काय?

विहिरीचा_काठ:
इलेक्शनचं बरोबर बोललात. बाकी मला सगळं पटलेलं नाही. सोसण्याचं मोल आपण फार स्वस्त करतोय असं वाटतं. माझ्या आईने कॅन्सरमध्ये शेवटचे सहा महिने जी शांती दाखवली ती औषधाने आलेली नव्हती.

ओसरी:
काठ, ते मी कधीच नाकारणार नाही. तुमच्या आईंनी औषध घेतलं होतं ना?

विहिरीचा_काठ:
घेतलं होतं. मॉर्फीनपर्यंत सगळं.

ओसरी:
मग आपलं भांडण नाहीये.

नगरी_मिसळ:
मंडळी, अपडेट. रविवारी जेवणं झाल्यावर आत्यापाशी बसलो. टोपलीत बसलेला पौल, तीनदा मागितलेलं, तीमथ्याचं पोट, सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'हे सगळं मला माहितीय रे, तुझ्या जन्माआधीपासून वाचतेय.' मग हळूच निघालं. दोन गुडघ्यांचा खर्च, दादाचं आधीच घराचं कर्ज, आणि सुनेने दोन महिने माझं सगळं करायचं, माझी लाज वाटते मला. वधस्तंभ म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, म्हणून तो शब्द.

मला काय बोलावं कळेना. आता हा तिचा आत्मत्यागच झाला ना? पोरांसाठी सोसतेय म्हणजे?

वसईकरीण:
झालाच की. प्रेमापोटी आहे, त्याला कमी लेखू नकोस.

पाळकाचा_नातू:
प्रेम आहेच, पण योहान १३ बघ. प्रभू पाय धुवायला वाकतो तेव्हा पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीही धुणार नाहीस. तोही प्रेमापोटीच म्हणत होता. आणि प्रभू त्याला साफ सांगतो की मी धुतले नाहीत तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. दुसऱ्यासाठी झिजायला आपण एका पायावर तयार असतो कारण त्यात आपण वरच्या बाजूला असतो. सुनेच्या हातून अंग पुसून घ्यायचं, ते जमणं जास्त अवघड. आत्याने काही नाकारायचं असेल तर ती लाज नाकारावी. तुझ्या वहिनीला विचारलंस का कुणी, तिला काय वाटतं?

नगरी_मिसळ:
विचारलं. म्हणाली, 'आत्ता रोज रात्री दोनदा उठते त्यापेक्षा दोन महिने परवडले.' आत्या समोरच होती. हसली. ईस्टरपर्यंत थांबा म्हणते, पहाटेची उपासना चुकवायची नाही, मग काय ते बघू. एकेक गुडघा करायचा का दोन्ही एकदम ते डॉक्टर ठरवतील. खर्चाचं आम्ही चुलत भावंडं मिळून बघतोय.

चुलीपाशी:
ईस्टरपर्यंत वेळ आहे तर घरात आधी कमोड बसवून घ्या, खाली बसायचं बंदच होणार आहे. बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडा पण लावा. आणि रात्रीची पाळी लावा, नुसती वहिनी नको, तू पण.

नगरी_मिसळ:
हो. प्लंबरला फोन केलाय. मंगळ, गुरू, शनी माझी पाळी.